जुन्या पेटीचे सूर आणि त्यांचे मोल

महाराष्ट्रात ज्या वाद्याला सगळे पेटी म्हणतात, त्या हार्मोनियमची बाजारातली किंमत आणि तिचा संगीतातला दर्जा या दोन्ही गोष्टी तिच्या पोटात दडलेल्या, वादकालाही एरवी न दिसणाऱ्या एका भागावर ठरतात, आणि पुण्यासारख्या शहरात या भागाची पारख ही गेली शंभराहून अधिक वर्षे कानाने व हाताने जपलेली स्वतंत्र विद्या आहे. कारागीर या भागाला सूर म्हणतात, आणि नव्या पिढीच्या तोंडी त्यालाच रीड हा शब्द आहे. जुनी पेटी विकायला निघाली की सागवानी सांगाडा, पितळी कोंदण किंवा दर्शनी फळीवरचे कारखानदाराचे नाव यांवर जाणकाराची नजर फार वेळ ठरत नाही. पट्ट्यांसह आतला पाट उचलून उलटा केला जातो, खालच्या बाजूला स्क्रूने बसवलेल्या पितळी सुरांच्या रांगा उजेडात धरल्या जातात, आणि मगच पेटी कुठली, कोणत्या काळातली आणि कोणाच्या हातून गेलेली याचा निवाडा सुरू होतो. हा निवाडा समजून घ्यायचा तर सूर म्हणजे काय आणि परदेशातले इतके सूर पुण्यात का साठले, हे दोन्ही आधी पाहावे लागते.

सूर म्हणजे पितळेची एक जाड पट्टिका, तिच्यात पाडलेली लांबट खाच, आणि त्या खाचेच्या एका टोकाशी रिव्हेटने पक्की केलेली व दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली पातळ पितळी जीभ. भात्यातली हवा दाबाने या खाचेतून बाहेर पडू लागली की जीभ खाचेच्या कडांना न शिवता आतबाहेर हेलकावते आणि हवेच्या प्रवाहाचे नियमित तुकडे पडून ध्वनी उमटतो. जीभ लांब व जड असेल तर सूर खालचा, आखूड व हलकी असेल तर वरचा. सूर चढवायचा असेल तर कारागीर जिभेच्या मोकळ्या टोकावरचे थोडे पितळ कानशीने उतरवतो, कारण टोक हलके झाले की कंपने वाढतात. सूर उतरवायचा असेल तर रिव्हेटजवळचा भाग पातळ करतो, कारण तिथला ताठरपणा कमी झाला की कंपने मंदावतात. नेहमीची दुरुस्ती अशा रीतीने धातू कमी करूनच होते आणि एकदा उतरवलेले पितळ परत येत नाही, ही साधी गोष्ट जुन्या सुरांच्या सगळ्या पारखीच्या मुळाशी आहे.

मोकळ्या जिभेचे हे तत्त्व युरोपचे नव्हे. चीनमधल्या शेंग या तोंडाने वाजवण्याच्या वाद्यात ते फार प्राचीन काळापासून वापरले गेले आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यावर प्रयोग झाले आणि १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने हार्मोनियम या नावाने आपल्या वाद्याचे पेटंट घेतले. ही पायाने भाता मारण्याची मोठी पेटी होती आणि तिच्यात हवा सुरांमधून बाहेर ढकलली जात असे. अमेरिकेत मात्र बॉस्टनच्या मेसन अँड हॅमलिन या कारखान्याने १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला उलट रचना रूढ केली. तिच्यात भाता हवा आत ओढतो, त्यामुळे सुराचा आवाज मऊ आणि गोलसर होतो. मराठी रंगभूमीवर ज्याला ऑर्गन म्हटले गेले ते वाद्य या घराण्यातले. भारतात पायपेटीचे रूपांतर जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवण्याच्या हातपेटीत झाले आणि त्याचे श्रेय कोलकात्याच्या द्वारकिन अँड सन या पेढीचे संस्थापक द्वारकानाथ घोष यांना दिले जाते; ही घडामोड १८८०च्या दशकातली. सांगाडा भारतीय झाला तरी सूर मात्र दीर्घकाळ पॅरिस व जर्मनीहूनच येत राहिले. पुढे सौराष्ट्रातल्या पालिताणा या गावात सूर घडवण्याचा धंदा उभा राहिला आणि आज भारतातल्या बहुसंख्य पेट्यांमध्ये तिथलेच सूर असतात.

पुण्यात या वाद्याला जागा मिळाली ती प्रथम नाटकामुळे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला आणि गाणे हेच नाटकाचे सर्वस्व मानणारी एक परंपरा सुरू झाली. सुरुवातीच्या काळात गायक नटांच्या साथीला सारंगी असे, परंतु काही दशकांतच पायपेटीने तिची जागा घेतली, आणि त्याची कारणे केवळ सांगीतिक नव्हती. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा सलग आधारसूर पायपेटी देत असे; सारंगीच्या तारा हवामानाने उतरत, पेटीचे सूर गावोगावच्या मुक्कामांतही जवळपास जागच्या जागी राहत; सारंगी हाती येण्यास वर्षे लागत, पेटीवर चाल बसवणे तुलनेने लवकर जमे. शिवाय सारंगीवादक ज्या वस्तीतून येत तिच्याविषयी पांढरपेशा समाजाच्या मनात असलेली अढीही या बदलात होती, हे इतिहास लिहिताना लपवू नये.

पेटीला दुय्यम साथीदारापासून स्वतंत्र वाद्याच्या प्रतिष्ठेपर्यंत नेणाऱ्यांत गोविंदराव टेंबे अग्रभागी होते. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’च्या चाली त्यांच्या आणि १९१३ साली बालगंधर्व व गणेशराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. बालगंधर्वांच्या वैभवाच्या काळात त्यांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असा संच होता. ऑर्गनचा भरीव, लांबणारा सूर आणि बालगंधर्वांचा गळा यांचा मेळ इतका जमला की नाट्यसंगीत आणि ऑर्गन ही जोडी मराठी कानांत कायमची बसली. आजही जुने नाट्यपद गाताना साधी हातपेटी असली तरी श्रोता मनात ऑर्गनचाच नाद धरून ऐकतो. या मागणीमुळे परदेशी पायपेट्या आणि ऑर्गन मुंबईच्या बंदरातून पुणे, सांगली, कोल्हापूर या नाट्यवेड्या शहरांकडे वळले.

दुसरा ओघ शिक्षणाचा होता. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज, अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात आणलेले आर्य संगीत विद्यालय आणि विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे गाणे शिकणे ही मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठेची गोष्ट झाली, आणि घरात गाणे आले की मागोमाग पेटी येई. तिसरा ओघ लष्कर भागातला. ख्रिस्ती मिशनरी आणि फौजेचे धर्मगुरू प्रार्थनेसाठी घडी घालता येणाऱ्या छोट्या पायपेट्या बरोबर बाळगत, आणि चर्चमध्ये व गोऱ्या कुटुंबांच्या घरांत अमेरिकी ऑर्गन असत. पुढे नाटक कंपन्या बोलपटांच्या लाटेत मोडल्या, १९४७ नंतर लष्करातली कुटुंबे निघून गेली, आणि अशा वाद्यांचा माल घरे, शिकवण्या, भजनी मंडळे व जुन्या वस्तूंचा बाजार यांत विखुरला. आजही एखाद्या पेठेतल्या वाड्यात किंवा बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वाळवी लागलेला पायपेटीचा सांगाडा दिसतो तो या तिन्ही ओघांपैकी एखाद्याचा अवशेष असतो.

सुरांच्या पृष्ठभागावर मात्र याहून बारीक इतिहास कोरला गेला आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा विशेष आहे. पाश्चात्त्य पेटी समान विभागणीने लावलेली असते, म्हणजे सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करून प्रत्येक पट्टीला एकेक दिला जातो. त्यामुळे कोणत्याही पट्टीला षड्ज मानता येतो, परंतु गांधार, धैवत व निषाद तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वाभाविक स्वरांपेक्षा किंचित चढे राहतात. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा गांधार ज्यांच्या कानात पक्का आहे त्यांना पेटीचा गांधार टोचतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून प्रसिद्ध केला, आणि अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर मोजून त्यांनी ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतिपेटीची कल्पना मांडली. ती पेटी लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याने घडवली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले तेव्हा तिच्या स्वरांविषयी जाणकारांत एकमत झाले नाही, आणि ती पेटी सर्वमान्य झाली नाही.

वाद्य म्हणून श्रुतिपेटी मागे पडली, पण तिने उभा केलेला प्रश्न पुण्यातल्या कारागिरांच्या कानशीत उतरला. एकच षड्ज धरून पेटी वाजवणारे साथीदार आपल्या पेटीचे गांधार, धैवत, निषाद उतरवून घेऊ लागले; या लावणीला गांधार ट्यूनिंग म्हणतात. पॅरिसहून आलेल्या सुरांच्या मुळाशी, रिव्हेटच्या जवळ, ठरावीक काही स्वरांवरच कानशीचे ओरखडे दिसले आणि बाकीचे सूर कोरे असले, तर ती पेटी अशा एखाद्या साथीदाराकडे होती असे समजावे, आणि कोणते स्वर उतरवले आहेत यावरून त्याच्या गायकाची पट्टी, म्हणजे काळी एक की पांढरी पाच, हेही बहुधा सांगता येते. जुन्या वाद्याच्या अभ्यासात इतका बोलका पुरावा क्वचित मिळतो, आणि म्हणूनच तो सुटीच्या दिवशी उत्साहाच्या भरात केलेल्या घरगुती दुरुस्तीत पुसला जाताना पाहणे दुःखाचे आहे.

याच काळात पेटीवर सर्वांत मोठा आघात झाला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला मज्जाव केला. भारतीय संगीतातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, पेटीला जमत नाही आणि तिची समान विभागणी गायकाचे कान बिघडवते, असा या निर्णयामागचा विचार होता आणि रवींद्रनाथ टागोरांसारख्यांचा त्याला पाठिंबा होता. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले ते या बंदीसहच. आणि त्याच वर्षी याच शहरात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पेटी मानाने गायकाच्या शेजारी बसली. रेडिओच्या मज्जावामुळे वादकांचे जे नुकसान झाले ते झालेच. परंतु मैफलीने पेटी सोडली नाही, कारण अप्पा जळगावकरांसारखे पुण्यात राहिलेले वादक भीमसेन जोशींच्या तानेमागून इतक्या बारकाईने जात की वाद्याच्या मर्यादेचा मुद्दाच मागे पडे. १९७० साली आकाशवाणीने भरवलेल्या चर्चासत्रानंतर १९७१ पासून ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. मधल्या तीस वर्षांत मात्र परदेशी सुरांची आवक घटत गेली होती. महायुद्धात जर्मन माल बंद झाला होता आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले होते. बंदी उठून पेटीची मागणी पुन्हा वाढली तेव्हा चांगले सूर मिळवण्याचा एक हुकमी मार्ग जुन्या वाद्यांतूनच जात होता, आणि वापरलेल्या सुरांना स्वतंत्र किंमत आली ती इथून.

ओळख पटवण्याचे काम पाट उलटा केल्यावर सुरू होते. पहिली नजर सुरांच्या बसवणीवर जाते. अमेरिकी ऑर्गनचे सूर स्क्रूने बसवलेले नसतात. प्रत्येक सूर लाकडातल्या अरुंद खोबणीत सरकवलेला असतो आणि आकड्याच्या हत्याराने मागच्या खाचेत धरून बाहेर ओढता येतो. त्याची जीभ अरुंद असते आणि टोकाशी तिला मुद्दाम दिलेला बाक दिसतो, कारण आवाजातला मऊपणा या बाकातून येतो. व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टे कारखान्यासारख्या अमेरिकी कारखान्यांनी वाद्यांवर अनुक्रमांक घातलेले असल्यामुळे त्यांचा काळ ठरवणे तुलनेने सोपे जाते. एस्टेने एकट्याने पाच लाखांहून अधिक असे ऑर्गन बनवले, त्यामुळे केवळ त्याचे नाव पाहून वाद्य दुर्मीळ मानण्याचे कारण नाही. युरोपी पायपेटीचे आणि हातपेटीचे सूर मात्र पाटावर स्क्रूने आवळलेले असतात. काही जर्मन पेट्यांत सुटे सूर नसून एकाच लांब पट्टिकेवर ओळीने अनेक जिभा बसवलेल्या आढळतात.

यानंतर पाहायचे ते पितळ आणि त्यावरचे काम. यंत्रावर घडलेल्या जुन्या परदेशी सुरांत खाचेच्या कडा सरळ आणि धारदार असतात, जीभ आणि खाच यांमधली फट सर्वत्र सारखी व केसाएवढी असते, आणि जिभेच्या पृष्ठभागावर यंत्राच्या रंध्याचे समांतर, एकाच दिशेचे ओरखडे भिंगातून दिसतात. हाताने घडलेल्या सुरांत कानशीचे ओरखडे तिरपे असतात आणि फट एका बाजूला किंचित जास्त असू शकते. फटीचे महत्त्व केवळ देखणेपणापुरते नाही: फट जितकी नेमकी तितक्या कमी हवेत सूर बोलतो, आणि भाता अगदी हळू दाबला असतानाही सगळे सूर एकदम व सारख्या जोराने बोलणे ही उत्तम संचाची पहिली कसोटी आहे. दुसरी कसोटी उलट टोकाची. भाता जोरात दाबल्यावर आवाज वाढला पाहिजे पण सूर उतरता कामा नये. हलक्या दर्जाची जीभ दाबाखाली वाकते आणि स्वर खाली बसतो. बाजारात पॅरिसच्या सुरांना गोड व भरीव आणि जर्मन सुरांना, विशेषतः जुबिलेट छापाच्या, खणखणीत म्हणण्याची रीत आहे. ही वर्णने ढोबळपणे उपयोगी असली तरी सांगाड्याचे लाकूड, हवेच्या कोठीची खोली आणि सुरावरच्या भोकाचा आकार यांनी आवाज इतका बदलतो की केवळ ऐकून सुराचे गाव सांगणाऱ्यावर पूर्ण विसंबू नये.

कानाचा एक पुरावा मात्र मोजता येण्यासारखा आहे. फ्रान्सने १८५९ साली मध्य सप्तकातल्या ए या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला ४३५ अशी कायद्याने ठरवली होती, तर आज जगभर रूढ असलेले ४४० हे प्रमाण १९३९ साली लंडनच्या परिषदेत मान्य झाले. दोहोंतला फरक अर्धस्वराच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच्या उलट ४५२च्या आसपासची चढी पट्टी प्रचलित होती. त्यामुळे एखाद्या संचातले सगळे सूर आजच्या प्रमाणापेक्षा सारख्याच अंतराने उतरलेले निघाले आणि जिभांवर कानशीची खूण नसली, तर तो संच फ्रेंच प्रमाणावर लावलेला आणि त्यानंतर न छेडलेला असण्याची शक्यता बळावते. धुळीमुळे सुटे सूर उतरू शकतात, पण धूळ सगळ्या सुरांना सारख्या मापाने उतरवत नाही.

स्क्रू हाही साक्षीदार असतो. जुन्या स्क्रूच्या डोक्यावरची चीर हळूहळू काळवंडते. तिच्यात पेचकसाचे ताजे, चमकते ओरखडे असतील तर सूर अलीकडे काढलेला आहे. सुराच्या कडेभोवती लाकडावर उमटलेला गडद पट्टा सुराच्या आकाराशी जुळत नसेल तर तिथे पूर्वी दुसरा सूर होता. या तपासणीला इलेक्ट्रिक गिटारच्या जगात एक अगदी जवळचा नमुना सापडतो. तिथे तारांच्या खाली असलेले पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालून बनवलेले आणि तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारे साधन, हेच आवाजाचे उगमस्थान असते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर याने दोन वेटोळी जोडून विजेची घरघर नाहीशी करणारे पिकअप तयार केले, १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९५९ साली मंजूर झाले. १९५७ ते साधारण १९६२ या काळातल्या पिकअपवर पेटंटसाठी अर्ज केल्याची चिठ्ठी आहे, आणि त्यानंतरच्या चिठ्ठीवर छापलेला क्रमांक मात्र लेस पॉल यांच्या गिटारच्या दुसऱ्याच एका भागाच्या पेटंटचा आहे. ही चिठ्ठी सहज बनवता येत असल्यामुळे तिथले पारखी तिच्यावर थांबत नाहीत; वेटोळ्यांचा रंग, तारेचे आवरण, विद्युत्-रोध आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारखान्यात लावलेला डाक कोणी वितळवला आहे की नाही, हे ते पाहतात. पेटीच्या पाटावरचे काळवंडलेले स्क्रू हा त्याच अर्थाने न उघडलेला डाक होय, आणि पेटीच्या पारख्यांनाही नावाच्या ठशाविषयी तितकेच सावध राहावे लागते, कारण पॅरिस किंवा जर्मनी हा शब्द पितळावर ठोकायला फारसे कौशल्य लागत नाही.

किंमत ठरवताना सर्वांत आधी संचाची पूर्णता पाहिली जाते. हातपेटीत साधारणपणे ४२ पट्ट्या, म्हणजे साडेतीन सप्तके असतात आणि सुरांच्या दोन किंवा तीन ओळी असतात. खालच्या ओळीला खर्ज, मधल्या ओळीला नर आणि वरच्या ओळीला मादी म्हणतात. तीन ओळींच्या पेटीत त्यामुळे १२६ सूर होतात, तर पाच सप्तकांच्या, ६१ पट्ट्यांच्या युरोपी पायपेटीत चार ओळी असतील तर २४४. या सगळ्यांचे घराणे एक असावे लागते. मधल्या सप्तकातले सूर जास्त वाजत असल्याने तेच आधी फुटतात, आणि तिथे पालिताण्याचे दोन-चार सूर बसवलेले असणे ही अगदी नेहमीची बाब आहे. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नाही, संग्राहकाच्या दृष्टीने संचाचे मोल त्याने बरेच खाली येते. रिव्हेटजवळ केसासारखी चीर असलेली जीभ काही काळ बरोबर बोलते आणि मग अचानक तुटते, म्हणून भिंगाशिवाय व्यवहार करू नये. खर्जाच्या जिभेच्या टोकावर मूळचे पितळी वजन असते; त्याजागी डाकाचा गोळा दिसला तर सूर कोणीतरी सक्तीने खाली आणलेला आहे. जिभेच्या टोकाशी आणि मुळाशी अशा दोन्ही ठिकाणी खोल कानस लागलेली असेल तर तो सूर वरखाली अनेकदा लावला गेला आहे आणि त्याचे आयुष्य थोडे उरले आहे, मग ठसा कोणत्याही गावचा असो.

पालिताण्याच्या सुरांविषयी बाजारात जी सरसकट तुच्छता ऐकू येते ती मात्र अन्यायाची आहे. काळजीने निवडलेला आणि चांगल्या हाताने बसवलेला देशी संच थकलेल्या परदेशी संचापेक्षा निःसंशय सरस वाजतो, आणि आजच्या मैफलींतल्या अनेक उत्तम पेट्या तशाच आहेत. परदेशी नावाच्या मोहापायी झालेले खरे नुकसान वेगळे आहे: सुरांच्या हव्यासाने चांगल्या स्थितीतल्या पायपेट्या मोडून त्यांचे सूर हातपेट्यांत घातले जातात आणि सांगाडा लाकडाच्या भावाने जातो. ६१ पट्ट्यांच्या संचातून ४२ पट्ट्यांची हातपेटी भरली की टोकाचे सूर निरुपयोगी म्हणून पडून राहतात, आणि ज्या वाद्यावर कधीकाळी नाट्यपदे वाजली ते वाद्य संपते. अशा मोडतोडीतून मिळणारी किंमत अखंड वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त असते ही बाजाराची चूक आहे, आणि ती सुधारायची तर अखंड पायपेटीला गिऱ्हाईक मिळाले पाहिजे.

सांगाड्याचे मोल ठरवताना दोन कायदे ध्यानात ठेवावे लागतात. जुन्या पेट्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर कधी हस्तिदंत, कधी हाड आणि पुढच्या काळात सेल्युलॉइड असते. हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या अतिशय बारीक रेषा दिसतात, हाडात काळसर छिद्रे दिसतात, आणि सेल्युलॉइडमध्ये रेषा असल्या तर त्या संशय येण्याइतक्या समांतर असतात. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, १९८६ आणि १९९१ च्या सुधारणांनंतर, संपूर्ण बंदी आहे. म्हणून हस्तिदंती पट्ट्या हा जुन्या जाहिरातींत गुण असला तरी आज विक्रीतला अडथळा आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही, त्यामुळे परदेशस्थ नातेवाइकांकडे आजोबांची पेटी पाठवू पाहणाऱ्या कुटुंबांनी तिचे वय आधी ठरवून घेणे हिताचे असते.

पुण्यात वाद्ये जपण्याची परंपरा राजा दिनकर केळकर संग्रहालयाने घालून दिली आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिलेला हा संग्रह दिवे, दरवाजे, अडकित्ते यांच्याइतकाच वाद्यांसाठीही ओळखला जातो. तिथल्या तंतुवाद्यांचा घाट, नक्षी, भोपळा हे सगळे बाहेरून दिसते आणि त्यावरून वाद्याचे गाव व काळ बरेचसे सांगता येतात. पेटीचे तसे नाही. बंद पेटीचे छायाचित्र तिच्याविषयी फारच थोडे सांगते. तिची नोंद करायची तर पाट उलटा करून प्रत्येक ओळीचे छायाचित्र, प्रत्येक सुराची मोजलेली कंपनसंख्या, ठसे, बदललेल्या सुरांच्या जागा आणि कानशीच्या खुणा इतके टिपावे लागते, आणि हे सारे पेटी दुरुस्तीला टाकण्यापूर्वी व्हावे लागते. आजच्या मोबाइलमधल्या साध्या ट्यूनरने कंपनसंख्या काही मिनिटांत मिळते. खुणा वाचायला मात्र आयुष्यभर कानस चालवलेला माणूस शेजारी असावा लागतो, आणि असे कारागीर पुण्यात अजून आहेत तोवरच घराघरांतल्या जुन्या पेट्यांची ही नोंद पुरी करता येईल.